लॅबच्या काउंटरवरच्या सूचना कुठून आल्या?

दादर असो, बोरिवली असो की फोर्ट, फोटो लॅबमध्ये प्रिंट काढायला गेलं की काउंटरवर ठरलेल्या सूचना मिळतात. जेपीजी द्या. सीएमवायके (छापखान्याच्या शाईचे रंग) नको, एसआरजीबी (पडद्यावरचे रंग) ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. चार बाय सहा इंचाला कडा कापल्या जातील, मग तक्रार करू नका. गिऱ्हाइकाला यात लॅबवाल्याची सोय तेवढी दिसते. पण फोटो छपाईजोगा करणं हे काम कॅमेरा आला तेव्हापासूनच आहे. पूर्वी ते दुसरं कोणीतरी करायचं, आता ते आपल्या गळ्यात आलं आहे, आणि आपल्याला ते कोणी नीट शिकवलेलं नाही.

मुंबईत या कामाची सुरुवात फार लवकर झाली. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ साली स्थापन झाली, कलकत्ता आणि मद्रासच्या सोसायट्यांच्या आधी. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. हरिश्चंद्र चिंतामण तिथेच शिकले आणि पुढे मुंबईतले नावाजलेले फोटोग्राफर झाले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही सोसायटीच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी. त्या काळी फोटो टिपणारा स्वतःच रसायनं कालवायचा, काच लेपायचा आणि कागदावर छापायचा. पुढे स्टुडिओ वाढले आणि कामं वाटली गेली. लाला दीनदयाळ यांचा मुंबईतला स्टुडिओ १८९६चा, बॅलार्ड इस्टेटमधला हॅमिल्टन स्टुडिओ १९२८चा.

अशा स्टुडिओंमध्ये रिटचर नावाचा माणूस असायचा. हाफ प्लेट आकाराची निगेटिव्ह तिरक्या डेस्कवर, मागून उजेड, हातात टोकदार पेन्सिल. निगेटिव्हवर जिथे पेन्सिल फिरेल, तिथे प्रिंटमध्ये उजळ येतं. त्यामुळे डोळ्यांखालची वर्तुळं आणि गालावरचे डाग तिथेच बुजवले जायचे. मग डार्करूमवाला एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली, हाताची सावली धरून चेहरा थोडा मोकळा करायचा, पांढऱ्या सदऱ्यावर उजेड जास्त वेळ सोडून त्याच्या चुण्या बाहेर काढायचा. गिऱ्हाईक पावती दाखवून पाकीट घ्यायचं. आपल्या फोटोवर किती हात फिरले आहेत, याचा त्याला पत्ता नसे. आजच्या फोटो एडिटरमधली ‘डॉज’ आणि ‘बर्न’ ही हत्यारं म्हणजे त्या डार्करूमवाल्याचेच हात.

रंगीत फोटो आले आणि हे काम यंत्राकडे गेलं. रंगीत निगेटिव्ह धुण्याची कोडॅकची सी-४१ प्रक्रिया १९७२ची. जपानच्या नोरित्सूने १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात मिनिलॅब, म्हणजे दुकानात मावणारी लॅब आणली, आणि फिल्म धुऊन प्रिंट हातात पडेपर्यंतचं काम दुकानातच तासाभरात होऊ लागलं. पण यंत्राला रंग कळत नाहीत, ते अंदाज बांधतं. तो अंदाज कोडॅकच्या राल्फ इव्हान्स यांनी १९४०च्या दशकात मांडलेल्या तत्त्वावर चाले: कुठल्याही सर्वसाधारण चित्रातले सगळे रंग एकत्र मिसळले की राखाडी यावा, नाही आला तर तो येईपर्यंत दुरुस्ती करा.

आता हळदीच्या फोटोचा विचार करा. पिवळी साडी, झेंडूची तोरणं, नवरीचे हात आणि गाल हळदीने माखलेले. यंत्राला वाटतं, पिवळा फार झाला. ते निळा चढवतं, हळद फिकटते आणि नवरीच्या कातडीवर राखेसारखी कळा येते. अशा वेळी कामाला यायची ती ऑपरेटरची नजर. त्याच्यासमोर पिवळा, मॅजेंटा, सायन आणि डेन्सिटी (गडदपणा) अशी बटणं असत, आणि एकेक फ्रेम बघत तो यंत्राचा निर्णय फिरवायचा. त्यातच कोडॅकची रंग जुळवायची नमुना कार्डं वर्षानुवर्षं गोऱ्या स्त्रीच्या चेहऱ्याची होती. सावळा चेहरा सावळाच पण तजेलदार दिसावा, हे त्या कार्डावरून साधण्यासारखं नव्हतं. ते ऑपरेटरला गिऱ्हाइकांचे चेहरे बघूनच शिकावं लागे. या लोकांचं श्रेय कुठे नोंदलं गेलेलं नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

ही स्वयंचलित दुरुस्ती आजही लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. फोटो स्वतः नीट तयार केला असेल, तर फाईल देतानाच ‘नो करेक्शन’ सांगून ठेवावं. हळद, डोहाळजेवणाची हिरवी साडी, गुलालात न्हालेली विसर्जनाची मिरवणूक, अशा एकाच रंगाच्या फोटोंना तर नक्कीच.

फुजीने १९९६ मध्ये फ्रंटियर ही डिजिटल मिनिलॅब आणली. तिच्यात निगेटिव्हमधून उजेड सोडण्याऐवजी लाल, हिरवा आणि निळा लेझर कागदावर फिरतो. कागद मात्र पूर्वीसारखाच, चांदीच्या क्षारांचा, रसायनात धुतला जाणारा. सीएमवायके नको म्हणतात ते यामुळे. ते चार शाईंचं गणित ऑफसेट छापखान्याचं. लेझर लॅबमध्ये कागदाला शाई लागतच नाही. लग्नाचे करिझ्मा अल्बम (संगणकावर पानं मांडून छापलेले) बनवणारे काही डिझायनर पत्रिका-ब्रोशरच्या सवयीने बारा बाय छत्तीस इंचांची पानं सीएमवायकेत देतात, आणि शालूचा लाल विटकरी होऊन येतो.

एसआरजीबीही त्याच सुमाराची. एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये, तेव्हाचे काचेचे मॉनिटर समोर ठेवून ती सुचवली. लॅबची यंत्रं तीच गृहीत धरून बसवली गेली. अडोबी आरजीबी या जास्त रंग सामावणाऱ्या पद्धतीतली फाईल तशीच दिली तर रंग मरगळलेले येतात. आयफोनच्या एचईआयसी फाईली अनेक लॅबमध्ये उघडतही नाहीत, म्हणून जेपीजी.

कडा कापल्या जाण्याचं मूळ आणखी जुनं आहे. पस्तीस मिलिमीटर फिल्मवरची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची. १९२५ साली बाजारात आलेल्या लायकाने ती रुजवली. तिचं प्रमाण दोनास तीन, चार बाय सहाचा कागद तिला तंतोतंत बसतो. मोबाईलचा सेन्सर मात्र सहसा चारास तीन, म्हणजे जुन्या टीव्हीच्या पडद्याचं प्रमाण. सहा इंच रुंदीला साडेचार इंच उंचीचं चित्र तयार होतं आणि कागद चारच इंचांचा, म्हणजे उंचीचा नववा हिस्सा गेला. ग्रुप फोटोत मागच्या रांगेतल्या उंच काकांचं डोकं किंवा पुढे मांडी घालून बसलेल्या मुलांचे पाय जातात ते इथेच. कुठून कापायचं हे घरी ठरवून फाईल द्यावी, नाहीतर यंत्र वरून-खालून सारखंच कापतं. पांढरी पट्टी राहू नये म्हणून ते चित्र किंचित मोठंही करतं, तेव्हा तारीख किंवा नाव अगदी कडेला टाकू नये.

पिक्सेलचा हिशेब सोपा आहे. हातात धरून बघायच्या फोटोला इंचाला ३०० पिक्सेल पुरतात. त्यापेक्षा बारीक फरक त्या अंतरावरून डोळ्याला सहसा कळत नाही. चार बाय सहाला १२०० बाय १८००, आठ बाय बाराला २४०० बाय ३६००. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलच्या आसपास येते. छोट्या प्रिंटला ते चालून जातं, आठ बाय बाराला इंचामागे जेमतेम १३३ उरतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणतात ते यासाठीच. फाईलवर ‘७२ डीपीआय’ (इंचामागे ठिपके) दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही; मोजायचे ते एकूण पिक्सेल.

मुंबईत आणखी एक काम लॅबकडे सतत येतं, ते जुन्या फोटोंचं. प्रिंटवरचा थर जिलेटिनचा. दमट हवेत तो ओल धरतो आणि बुरशी लागते. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, घराघरांत पाणी शिरलं. असा अल्बम भिजला की जिलेटिन फुगतं, फोटो प्लास्टिकला चिकटतात, आणि ओढून काढले तर चेहरा प्लास्टिकवर राहतो. घरात जुन्या निगेटिव्ह असतील तर प्रिंटऐवजी त्याच स्कॅन करून घ्याव्यात, त्यांत बारकावे जास्त असतात. नुसती प्रिंटच हाती असेल आणि ती दुप्पट मोठी करायची असेल, तर स्कॅन ६०० डीपीआयला करायला सांगा आणि मूळ फाईल मागून घ्या. बऱ्याच ठिकाणी मागितल्याशिवाय ती मिळत नाही.