वीम कन्सोलमधले कप्पे: प्रत्येकामागचा काळ आणि कारण

वीम बॅकअप अँड रेप्लिकेशन (व्हर्च्युअल मशिनचे बॅकअप घेणारे सॉफ्टवेअर) नव्याने बसवून कन्सोल, म्हणजे त्याची नियंत्रणाची खिडकी, उघडला की डाव्या कोपऱ्यात खाली दोनच बटणे दिसतात: बॅकअप इन्फ्रास्ट्रक्चर आणि हिस्ट्री. व्हीसेंटर (व्हीएमवेअरचा व्यवस्थापन सर्व्हर) किंवा एखादा होस्ट (व्हर्च्युअल मशिने चालवणारा सर्व्हर) जोडल्यावरच होम, इन्व्हेंटरी, स्टोरेज इन्फ्रास्ट्रक्चर, टेप इन्फ्रास्ट्रक्चर, फाइल्स हे बाकीचे कप्पे उमटतात. नव्या ॲडमिनची दमछाक इथेच होते, कारण एकाच बॅकअपशी संबंधित गोष्टी चार कप्प्यांत विखुरलेल्या असतात. जॉब (ठरवून दिलेले बॅकअपचे काम) होममध्ये, त्याची जागा बॅकअप इन्फ्रास्ट्रक्चरमध्ये, मशिन इन्व्हेंटरीत आणि गेल्या महिन्यातल्या अपयशाची नोंद हिस्ट्रीत. ही मांडणी एका बैठकीत ठरलेली नाही. वीस वर्षांत व्हर्च्युअल मशिनचा बॅकअप घेण्याची रीत जशी बदलत गेली, तसे कप्पे वाढत गेले. कोणता कप्पा कोणत्या अडचणीतून आला हे कळले, की काय कुठे शोधायचे तेही कळते.

व्हीएमवेअरचा ईएसएक्स सर्व्हर (एका यंत्रावर अनेक व्हर्च्युअल मशिने चालवणारे सॉफ्टवेअर) २००१ मध्ये आला तेव्हा बॅकअपची पद्धत जुनीच राहिली: प्रत्येक मशिनमध्ये एजंट (बॅकअप घेणारा छोटा प्रोग्राम) बसवायचा आणि रात्री फाइली टेपवर ओढायच्या. नेटबॅकअप आणि बॅकअप एक्झेक ही त्या काळची ठळक नावे, आणि त्यांच्यावर वेरिटास कंपनीच्या पुण्यातल्या केंद्रातही बरेच काम झाले. एका होस्टवर वीस मशिने असली की वीस एजंट एकाच वेळी जागे होत आणि होस्टचा प्रोसेसर, नेटवर्क कार्ड, डिस्क सगळेच तुंबत असे. २००६ मध्ये व्हीएमवेअरने व्हीसीबी, म्हणजे कन्सॉलिडेटेड बॅकअप, आणला. त्यात वेगळा विंडोज प्रॉक्सी (मध्यस्थ सर्व्हर) सॅनवरून (सामायिक डिस्कच्या नेटवर्कवरून) थेट मशिनची प्रत घेई. पण काम कमांड लाइनवरून आणि स्क्रिप्टवरून चाले. पूर्ण मशिन आधी प्रॉक्सीच्या डिस्कवर उतरवायचे, मग टेपवर न्यायचे. म्हणजे तेवढी मोकळी जागा नुसती वाट बघण्यासाठी राखून ठेवावी लागे. विंडोजला ते लन (सॅनवरचे डिस्कचे भाग) दिसत असल्याने धोकाही होता. डिस्क मॅनेजमेंटमध्ये कोणी नवी डिस्क समजून ‘इनिशियलाइझ’ दाबले, की व्हीएमएफएस (व्हीएमवेअरची फाइल प्रणाली) विभागाची नोंदच पुसली जाई. म्हणून डिस्कपार्ट या विंडोजच्या साधनात ऑटोमाउंट (डिस्क आपोआप जोडणे) बंद करणे ही पहिली पायरी असे. डायरेक्ट सॅन पद्धतीने बॅकअप घेणाऱ्याने ही काळजी आजही विसरू नये.

वीम ही कंपनीही २००६ चीच. रत्मिर तिमाशेव आणि आंद्रेई बरोनोव यांनी ती काढली आणि बॅकअप अँड रेप्लिकेशनची पहिली आवृत्ती २००८ मध्ये आली. एजंट नको, स्क्रिप्ट नको, पायऱ्यापायऱ्यांनी नेणारा विझार्ड हवा, ही तिची मूळ मांडणी. आजचा जॉब विझार्ड त्याच वळणाचा आहे: नाव, मशिने, स्टोरेज, गेस्ट प्रोसेसिंग, वेळापत्रक, सारांश. मशिने निवडण्याच्या खिडकीत कालच तयार केलेले मशिन दिसत नसेल तर घाबरू नये. यादी साठवलेली असते, रिफ्रेश दाबावे. तिथेच वरच्या छोट्या चिन्हांनी होस्ट, फोल्डर, डेटास्टोअर (मशिनच्या डिस्क ठेवण्याची जागा) किंवा टॅगप्रमाणे यादी बदलता येते. मशिने एकेक निवडण्यापेक्षा फोल्डर किंवा टॅग निवडणे केव्हाही बरे, कारण नंतर त्यात येणारी मशिने आपोआप जॉबमध्ये सामील होतात.

२००९ मध्ये व्हीस्फिअर ४ (ईएसएक्सची पुढची पिढी) आले आणि खरा पालट झाला. व्हीएमवेअरने बॅकअपसाठी नवा प्रोग्रामिंग संच दिला आणि त्यासोबत सीबीटी, म्हणजे डिस्कच्या बदललेल्या ब्लॉकची (छोट्या तुकड्यांची) नोंद. त्यासाठी मशिनची व्हर्च्युअल हार्डवेअर आवृत्ती किमान ७ लागते. आता दर रात्री सगळी डिस्क वाचायची गरज उरली नाही. जॉबवर दोनदा क्लिक केल्यावर दिसणारे ‘प्रोसेस्ड’, ‘रीड’ आणि ‘ट्रान्सफर्ड’ हे तीन आकडे इथूनच समजतात. पहिला मशिनच्या डिस्कचा हिशेब, दुसरा प्रत्यक्ष वाचलेला डेटा, तिसरा दाबून, पुनरावृत्ती काढून पाठवलेला. इन्क्रिमेंटल (फक्त बदल घेणाऱ्या) बॅकअपमध्ये ‘रीड’ अचानक ‘प्रोसेस्ड’च्या जवळ गेला, तर सीबीटी काम करत नाही असे समजावे. सीबीटीवर डोळे मिटून विसंबणेही बरे नाही. २०१४ मध्ये उघड झालेल्या दोषात, डिस्क वाढवताना १२८ जीबीची सीमा ओलांडली गेली की ईएसएक्सआय (ईएसएक्सचे नंतरचे रूप) बदललेल्या ब्लॉकची चुकीची यादी देत असे. बॅकअप हिरवा दिसे आणि रिस्टोअर तुटके निघे. त्यावर उपाय होता पॅच लावणे, सीबीटी रिसेट करणे आणि नव्याने पूर्ण बॅकअप घेणे.

२०१० च्या पाचव्या आवृत्तीने इन्स्टंट रिकव्हरी आणली. बॅकअप फाइल एनएफएस (नेटवर्कवरून फाइली वापरण्याची पद्धत) डेटास्टोअर म्हणून होस्टला जोडायची आणि मशिन थेट तिच्यावरून सुरू करायचे. काही मिनिटांत सेवा परत येते. पण काम तिथे संपत नाही, आणि नेमके हेच अनेकांच्या लक्षात राहत नाही. चालू मशिन होमखालच्या इन्स्टंट रिकव्हरी या विभागात दिसत राहते. तिथून ते ‘मायग्रेट टू प्रॉडक्शन’ करावे लागते. त्याऐवजी ‘स्टॉप पब्लिशिंग’ दाबले तर मशिन जाते आणि सुरू केल्यापासून लोकांनी केलेले सगळे काम त्यासोबत जाते. दोन्ही पर्याय एकाच मेनूत शेजारी शेजारी आहेत. म्हणून हा सराव आधी चाचणी मशिनवर करून घ्यावा.

बॅकअप इन्फ्रास्ट्रक्चर या कप्प्याला वजन आले ते २०११ च्या सहाव्या आवृत्तीत. तोवर एकच सर्व्हर सगळे ओढत होता. आता वाचणारे प्रॉक्सी वेगळे, साठवणाऱ्या रिपॉझिटरी वेगळ्या, आणि मधला सर्व्हर फक्त हुकूम देणारा. हायपर-व्हीचा आधारही याच आवृत्तीतला. जॉबच्या नोंदीत ‘बॉटलनेक’ म्हणून सोर्स, प्रॉक्सी, नेटवर्क, टार्गेट अशी चार टक्केवारी दिसते, ती याच साखळीच्या चार कड्यांची. सोर्स ९९ टक्के म्हणजे बिघाड नव्हे. बाकी सगळे वाचनाची वाट पाहत आहेत एवढाच अर्थ. मग त्या मशिनच्या नोंदीत डिस्कच्या नावापुढे चौकटी कंसात काय लिहिले आहे ते पाहावे: सॅन (थेट सॅनवरून), हॉटॲड (मशिनची डिस्क प्रॉक्सीला जोडून) की एनबीडी (नेटवर्कवरून). हॉटॲडची अपेक्षा असताना एनबीडी दिसले, तर व्हर्च्युअल प्रॉक्सीला त्या मशिनचा डेटास्टोअर दिसत नसण्याची शक्यता आधी तपासावी. जॉब साधनांची वाट पाहत अडकला असेल, तर प्रॉक्सी आणि रिपॉझिटरीच्या गुणधर्मांत एकाच वेळच्या कामांची मर्यादा असते ती पाहावी.

हॉटॲडची एक खोड जुनी आहे. जॉब मध्येच कोसळला तर मशिनची डिस्क प्रॉक्सीला चिकटून राहते. स्नॅपशॉट (बॅकअपसाठी गोठवलेली डिस्कची स्थिती) मिटत नाही, व्हीसेंटर ‘कन्सॉलिडेशन’ (स्नॅपशॉटच्या फाइली मूळ डिस्कमध्ये मिसळणे) हवे म्हणून इशारा देते आणि डेटास्टोअर हळूहळू भरत जातो. अशा वेळी प्रॉक्सी मशिनच्या सेटिंगमध्ये जाऊन परकी डिस्क काढावी. मात्र ‘फाइल्सही पुसा’ हा पर्याय अजिबात निवडू नये, कारण ती डिस्क चालू मशिनची असते. मग कन्सॉलिडेट करावे.

वीममध्ये टेपची सोय २०१३ च्या सातव्या आवृत्तीत आली. २०१६ च्या नवव्या आवृत्तीने कन्सोल सर्व्हरपासून वेगळा केला, आणि हा बदल दिसायला लहान असला तरी मोलाचा. त्याआधी प्रत्येक ॲडमिन रिमोट डेस्कटॉपने बॅकअप सर्व्हरवरच उतरत असे. विंडोज सर्व्हरवर प्रशासनासाठी एका वेळी दोनच सत्रे मिळत, आणि सर्व्हरचा पासवर्ड सगळ्यांच्या हातात जाई. आता कन्सोल स्वतःच्या मशिनवर बसतो आणि नेटवर्कवरून सर्व्हरशी बोलतो. कन्सोल आणि सर्व्हरची आवृत्ती एक असावी लागते. सर्व्हर पुढे गेला असेल तर कन्सोल जोडताना स्वतःला अद्ययावत करून घेतो.

पुसण्याच्या दोन वाटांमधला फरक सगळ्यांनी पाठ करावा. होमखाली बॅकअप्स, डिस्क इथे उजवे क्लिक केल्यावर ‘रिमूव्ह फ्रॉम कॉन्फिगरेशन’ आणि ‘डिलीट फ्रॉम डिस्क’ असे दोन पर्याय येतात. पहिल्याने फक्त डेटाबेसमधली नोंद जाते. फाइली जागेवर राहतात आणि रिपॉझिटरी रिस्कॅन केली की ‘इम्पोर्टेड’ म्हणून परत दिसतात. दुसऱ्याने फाइलीच जातात.

गेल्या काही वर्षांतले बदल रॅन्समवेअरमुळे (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या हल्ल्यांमुळे) झाले. हल्लेखोर आता आधी बॅकअप सर्व्हर गाठतात. २०२१ च्या अकराव्या आवृत्तीत न बदलता येणारी लिनक्स रिपॉझिटरी आली. २०२३ च्या बाराव्या आवृत्तीत कन्सोलला दुहेरी ओळख पडताळणी मिळाली, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये पोर्ट ९४०१ वरून साठवलेले पासवर्ड बाहेर काढता येणारा दोष पॅच करावा लागला. वर्षअखेरच्या १२.१ मध्ये बॅकअप पुसायला दुसऱ्या ॲडमिनची मंजुरी मागण्याची सोय झाली.

मुख्य मेनूतल्या ‘कॉन्फिगरेशन बॅकअप’कडे (वीमच्या स्वतःच्या सेटिंगच्या बॅकअपकडे) मात्र अजूनही कमी लोक वळतात. तो मुळात डिफॉल्ट रिपॉझिटरीत, म्हणजे बहुतेकदा त्याच सर्व्हरवर, साठतो. सर्व्हर गेला की तोही गेला. जागा बदलावी आणि एन्क्रिप्शन चालू करावे, कारण त्याशिवाय साठवलेले पासवर्ड त्यात येतच नाहीत आणि नव्या सर्व्हरवर प्रत्येक होस्टची ओळख हाताने भरावी लागते.

२०२५ च्या तेराव्या आवृत्तीत लिनक्सवर चालणारा तयार अप्लायन्स आणि ब्राउझरमधला नवा इंटरफेस आला आहे. सगळी कामे अजून तिथे होत नाहीत, तेव्हा विंडोजवरचा कन्सोल हाताशी ठेवावा.