प्लगला ठिणगी दिसली म्हणजे इग्निशन ठीक?

बेळगाव-खानापूरकडे जुनी अँबॅसिडर अडली की प्लग काढून इंजिनाला टेकवतात, सेल्फ मारतात आणि ठिणगी दिसली की ‘करंट आहे, कार्बोरेटर बघा’ म्हणून, म्हणजे दोष पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागावर टाकून, मोकळे होतात. हा निकाल घाईचा आहे. उघड्या हवेत ठिणगी सहज पडते; सिलिंडरात दाबलेल्या मिश्रणातून उडायला व्होल्टेज कितीतरी जास्त लागतं. दुबळी कॉइल, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज वाढवून ठिणगीला पुरवणारा भाग, नेमकी तिथंच दगा देते. पिवळसर, बारीक ठिणगीवर तर अजिबात विसंबू नका.

कॉइल बदलण्याआधी पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क, उघडताना बघा. तिथंच भगभगीत ठिणग्या उडत असतील तर संशय कंडेन्सरवर, म्हणजे पॉइंटवरची ठिणगी दाबणाऱ्या भागावर. स्वस्तातला भाग, पण बऱ्याचदा इंजिन तापल्यावरच रुसतो. खानापूरच्या पावसात मात्र आधी डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्लगांना पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या भागाची, टोपी आतून कोरडी पुसा. आत पेन्सिलीसारखी काळी रेघ दिसली तर टोपीच बदला.