‘खाजगी कॉलेज म्हणजे नफा, आणि तीही पणजी-मडगावपुरतीच’

दर जूनमध्ये प्रवेशाच्या दिवसांत हे वाक्य कानावर पडतंच. ते खरं नाही.

गोवा मुक्त झाल्यावर काही महिन्यांतच, १९६२ साली, पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले महाविद्यालय सुरू झालं. दोन्ही खाजगी. पण आपल्याकडे कॉलेज चालवतो तो ट्रस्ट किंवा नोंदणीकृत सोसायटी. शिल्लक पैसा वाटून घ्यायचा नसतो, तो संस्थेतच लावायचा असतो. शिवाय यांतली बरीच कॉलेजं अनुदानित आहेत, म्हणजे प्राध्यापकांचा पगार सरकारी तिजोरीतून येतो. म्हणूनच अनेक पालक त्यांना चक्क सरकारी समजतात!

आता नकाशा. म्हापशात सेंट झेवियर्स, आसगावात ज्ञानप्रसारक मंडळ, नुव्याला मुलींचं कार्मेल, फर्मागुढीला फोंडा एज्युकेशन सोसायटी, डिचोलीत झांट्ये, थेट काणकोणात मल्लिकार्जुन. यांतलं एकही पणजीत किंवा मडगावात नाही.

तरी समजुतीत थोडं तथ्य आहे, ते लपवू नये. देणगीदार आणि व्यापार जिथे होता तिथे, किनारपट्टीच्या तालुक्यांत, संस्था लवकर उभ्या राहिल्या. साखळी, केपे, खांडोळा इथे सरकारनेच कॉलेज काढलं. त्या गावांतल्या मुलींना रोजची बस पकडून शहर गाठावं लागलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.