पान पिवळं पडलंय, पण कुठलं पान?

कुंडीतल्या झाडाचं पान पिवळं दिसलं की बहुतेक लोक दोनच गोष्टी करतात, पाणी वाढवतात नाहीतर मूठभर खत टाकतात, आणि बऱ्याचदा त्यानेच झाड आणखी बिघडतं. नुसत्या पिवळ्या रंगावरून काहीच कळत नाही हो. नत्र (नायट्रोजन) कमी पडलं तरी पान पिवळं, लोह कमी पडलं तरी पिवळं, मॅग्नेशियम, गंधक, मँगनीज यातलं काहीही कमी पडलं तरी पिवळंच, आणि मुळं पाण्यात गुदमरली तरी पिवळं. म्हणून रंग राहू द्या, आधी हे बघा की पिवळेपणा सुरू कुठून झाला, खालच्या जुन्या पानांपासून की वर शेंड्याच्या कोवळ्या पानांपासून. माझ्या मते निम्मं निदान इथेच होतं.

याचं कारण फार सुंदर आहे. काही अन्नद्रव्यं झाडाला एका पानातून काढून दुसरीकडे नेता येतात. नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम ही त्यातली. मातीतून ती पुरेशी मिळेनाशी झाली की झाड जुन्या पानांतला साठा मोडून कोवळ्या शेंड्याला पाठवतं, कारण पुढची वाढ शेंड्यातून व्हायची असते, म्हणून यांची कमतरता खालून वर चढत जाते. उलट लोह, कॅल्शियम, बोरॉन, मँगनीज ही एकदा पानात बसली की तिथून सहसा हलत नाहीत, त्यामुळे जुनी पानं छान हिरवीगार आणि नवीन निघणारं पान मात्र फिकट किंवा वेडंवाकडं असं चित्र दिसतं. गंधक या दोन्हींच्या मधलं आहे, पण बहुतेक वेळा तेही वरच्या पानांवरच दिसतं.

आता शिरा बघा. खालचं पान शिरांसकट सगळंच एकसारखं फिकट होत गेलं तर बहुतेक नत्र. खालच्याच पानात शिरा हिरव्या राहिल्या आणि मधला भाग पिवळा पडला तर मॅग्नेशियम. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू बसलेला असतो, त्याच्याशिवाय तो रेणू पूर्णच होत नाही. आणि अगदी हेच, हिरव्या शिरा नि पिवळं पान, शेंड्यावरच्या कोवळ्या पानांत दिसलं तर मॅग्नेशियम नाही, लोह. नक्षी तीच, जागा उलटी, आणि इथेच सगळ्यात जास्त गल्लत होते. जुन्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी झाल्या तर पालाश, पानं गडद नि जांभळट होऊन वाढ खुंटली तर स्फुरद, हे दोन त्यामानाने ओळखायला सोपे.

लोहाबद्दल जरा जास्त सांगायला हवं. पृथ्वीच्या कवचात वजनाने साधारण ५ टक्के लोह आहे, म्हणजे मातीत ते जवळपास नेहमीच असतं, तरी झाड उपाशी! कारण मातीचा पीएच, म्हणजे सामू (माती आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा अंक), चढला की लोह न विरघळणाऱ्या रूपात जातं. पीएच एका अंकाने वाढला तर विरघळलेलं लोह साधारण हजार पटींनी कमी होतं, आणि क्षारयुक्त जड पाणी महिनोन्महिने घालत राहिलं की कुंडीचा पीएच हळूहळू चढतोच. अशा वेळी लोहाचं साधं खत टाकलं तर तेही तिथेच अडकून बसतं. बहुतेक कुंडीतल्या झाडांना ६ ते ६.५ च्या आसपासचा पीएच मानवतो, त्यामुळे खताच्या आधी पीएच मोजा, हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे. चिलेटेड लोह, म्हणजे विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रेणूत धरून ठेवलेलं लोह, घेतानाही पाकिटावर प्रकार वाचा, ईडीटीए वालं पीएच साडेसहाच्या वर गेल्यावर फारसं टिकत नाही, ईडीडीएचए वालं अल्कधर्मी मातीतही काम करतं.

शंका असेल तर एक जुनी चाचणी आहे. १८४० च्या दशकात युझेब ग्रिस या फ्रेंच संशोधकाने पिवळ्या पानांना लोहाच्या क्षाराचं द्रावण लावून ती हिरवी होतात हे दाखवलं होतं. आजही तेच करता येतं, लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून एका कोवळ्या पिवळ्या पानाच्या अर्ध्याच भागाला लावायचं नि काही दिवस थांबायचं, तेवढाच भाग हिरवा झाला तर उत्तर मिळालं.

कॅल्शियमचा प्रकार वेगळा. टोमॅटोचं बूड काळं पडलं की लोक लगेच कॅल्शियम घालतात, पण मातीत ते पुष्कळदा असतंच. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढतं, पानांतून बाष्प जास्त उडतं म्हणून ते पानांकडे जातं आणि फळाच्या वाट्याला कमी येतं, त्यात माती कधी कोरडी ठणठणीत तर कधी चिखल असली की फळाची आणखीच उपासमार. तिथे औषध म्हणजे नियमित पाणी.

जास्त खताचंही सोंग कमतरतेसारखंच दिसतं. फुलं यावीत म्हणून पालाश भरपूर घातलं तर ते मॅग्नेशियम आणि कॅल्शियमला मुळांतून आत शिरू देत नाही, मग खत देऊनही पानं पिवळी. पानांची टोकं जळालेली आणि मातीवर पांढरा थर दिसला तर क्षार साठलेत, खत बंद करून भरपूर साधं पाणी कुंडीच्या तळातून वाहून जाऊ द्या. आणि माती ओली असूनही झाड मलूल असेल तर मुळांना ऑक्सिजन मिळत नाहीये, अन्नद्रव्यं आत ओढायला मुळांना ऊर्जा लागते आणि ती ऑक्सिजनशिवाय तयार होत नाही, मग कुंडीत सगळं असून काही उपयोग नाही. बारीक बारीक फिके ठिपके असतील तर पान उलटून भिंगातून बघा, लाल कोळी ही रस शोषणारी बारीक कीड असू शकते, तिला खताने काही होणार नाही.

उपाय केल्यावर जुन्या पानाकडे बघत बसू नका, वाळलेला तपकिरी भाग पुन्हा हिरवा होत नाही. एका वेळी एकच बदल करा आणि त्यानंतर फुटणारी पानं बघा, ती नीट रंगाची आली तर निदान बरोबर होतं. आणि फळं भरत असताना सगळ्यात खालची दोन-चार पानं पिवळी होऊन गळत असतील, बाकी झाड ठणठणीत असेल, तर काहीही घालू नका, झाड त्यांच्यातलं नत्र फळांना देतंय.