सीताफळ

अनोनेसी कुलातील एक लहान पानझडी वृक्ष (अनोना स्क्वामोझा) व त्याचे फळ. मूलस्थान उष्ण कटिबंधीय अमेरिका व वेस्ट इंडीज मानले जाते. परंतु दख्खनच्या मुरमाड डोंगरउतारांवर, विशेषतः बीड जिल्ह्याच्या बालाघाट रांगांत व दौलताबादेच्या आसपास, हा वृक्ष लागवडीवाचून इतका माजलेला आढळतो की अनेकांनी तो एतद्देशीयच धरला. रानात आपोआप वाढणे हा देशीपणाचा पुरावा ठरत नाही. याच्या पाल्याला शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत आणि उन्हाळ्यात पाने गाळून तो पाण्याचा ताण सोसतो, त्यामुळे बाहेरून आल्यावर त्याला पसरण्यास फारशी अडचण पडली नसावी.

आगमनकाळाविषयी मतभेद आहेत. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तो आणला, हे मत सर्वसाधारणपणे रूढ आहे. त्याविरुद्ध पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी इ.स.पू. सुमारे दुसऱ्या शतकातील भरहुतच्या (मध्य प्रदेशातील बौद्ध स्तूप) शिल्पांत सीताफळ ओळखले होते. तथापि शैलीबद्ध कोरीव फळ फणसाचे किंवा अन्य खवलेदार फळाचेही असू शकते, म्हणून केवळ शिल्पावर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे. उत्तर प्रदेशातील मिर्झापूर जिल्ह्यातील टोकवा येथे मिळालेल्या जळक्या बियांचा दावा अधिक वजनदार आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या किरणोत्सर्गी कार्बन कालमापनात त्या इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकातील ठरविण्यात आल्या. मात्र तो निष्कर्ष मान्य केल्यास भारत व अमेरिका यांच्यात कोलंबसपूर्व सागरी संपर्कही मानावा लागतो, आणि त्यास अन्य भक्कम आधार मिळेपर्यंत रूढ मतच ग्राह्य धरणे इष्ट. रामायणाशी जोडलेल्या नावावरून प्राचीनत्व सिद्ध करता येत नाही, कारण रामफळ व लक्ष्मणफळ ही याच वंशातील फळेही अमेरिकन आहेत.

एकाच फुलातील अनेक किंजदले (फुलाचे स्त्री-अवयव) जुळून हे फळ बनते. खवल्यांमधील खाचा रुंदावून पिवळसर झाल्या की ‘डोळे पडले’ असे म्हणतात व फळ उतरवितात. महाराष्ट्रात मुख्य हंगाम नवरात्र-दिवाळीच्या सुमारास येतो. गर तसाच किंवा बासुंदीत घालून खातात. अंबाजोगाई येथे या फळाचे संशोधन केंद्र असून बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बियांत कीटकनाशक द्रव्ये असतात. त्यांची पूड उवांवर डोक्याला चोळण्याची जुनी चाल आहे. ही पूड डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते.