फीडमध्ये फक्त 25 मित्र?

‘फीडमध्ये 25 मित्रांच्याच पोस्ट दिसतात, हा मजकूर कॉपी करून टाका, बाकीचेही दिसतील’ असा मेसेज फेसबुकवर वर्षानुवर्षं फिरतोय.

अशी 25ची मर्यादा नाही. कोणाची पोस्ट वर येणार, हे बरंचसं तुम्ही कोणाला लाइक-कॉमेंट करता, कोणाच्या पोस्टवर थांबता यावरून ठरतं. मेसेज खरा वाटतो तोही म्हणूनच: त्याखाली कॉमेंट करणाऱ्यांशी देवाणघेवाण झाली, की ते काही काळ जास्त दिसू शकतात. कॉपी केलेल्या शब्दांत कसलीच किल्ली नाही.

पडताळायचंय? दोन-चार दिवस फीडमध्ये दिसणाऱ्या मित्रांची वेगवेगळी नावं मोजा. मित्र बरेच असतील आणि पोस्ट टाकत असतील, तर आकडा 25 ओलांडू शकतो. मग कधीपासून न दिसलेल्या मैत्रिणीचं प्रोफाइल उघडा. तिच्या पोस्ट तिथे सापडतील. आवडलेल्या पोस्टखाली मनापासून दोन ओळी लिहा, नाहीतर सरळ फोनच करा.