सड्यावरची निळी माशी: रंगापेक्षा पाय पाहावेत

भाद्रपदात रत्नागिरी-सिंधुदुर्गातील कातळसडे फुलले की रानफुलांच्या छायाचित्रांबरोबर निळ्या ठिपक्यांच्या एका काळ्या माशीचेही छायाचित्र फिरू लागते आणि त्याखाली ‘मध गोळा करणारी निळी मधमाशी’ असे हमखास लिहिलेले असते. ही माशी मधमाश्यांच्याच कुळातली आहे, मात्र ती पिलांसाठी कणभरही पराग गोळा करत नाही. फुलावर ती केवळ स्वतःच्या पोटासाठी मकरंद प्यायला येते. ती थायरियस या प्रजातीतील (म्हणजे जवळच्या जातींच्या गटातील) कोकीळमाशी आहे.

तेरड्याच्या फुलावर येणारी अमेजिला ही निळ्या पट्ट्यांची एकांडी माशी तिच्याशेजारी ठेवून पाहावी. अमेजिलाच्या मादीच्या मागच्या पायांवर दाट केसांचा ब्रश असतो आणि तो परागांनी माखलेला दिसतो; थायरियसच्या मादीला असा ब्रशच नसतो. नरांना मात्र दोन्हीकडे ब्रश नसतो, त्यामुळे तिथे पायांवरून निवाडा होत नाही. अशा वेळी पाठ पाहावी: अमेजिलाच्या पोटावर सलग पट्टे असतात, थायरियसच्या पोटावर सुटे ठिपके, शिवाय तिच्या दोन्ही पंखांच्या मधली ढालीसारखी चपटी पट्टी मागे वाढलेली आणि कडेला खाचदार असते. नेमकी जाती ठरवायला बहुधा सूक्ष्मदर्शकच लागतो. छायाचित्रावरून प्रजातीपर्यंत पोहोचता आले तरी पुष्कळ झाले.

पायावरचा ब्रश नाही, कारण तिला त्याची गरजच उरलेली नाही. अमेजिला बांधाच्या मातीत किंवा जुन्या मातीच्या भिंतीत बीळ कोरते, त्यातल्या प्रत्येक कप्प्यात पराग व मकरंदाची शिदोरी भरते, अंडे घालते आणि कप्पा बंद करते. थायरियसची मादी या बिळात शिरून त्याच कप्प्यात आपले अंडे ठेवते. त्यातून निघणाऱ्या अळीचे जबडे पहिल्या अवस्थेत विळ्यासारखे लांब व टोकदार असतात. त्यांनी ती यजमानाचे अंडे किंवा अळी मारते. पुढे कात टाकल्यावर हे जबडे आखूड होतात आणि ती शांतपणे साठवलेले अन्न खाते. कोकिळेच्या पिलाला कावळा चारा भरवत राहतो. इथे भरवणारे कोणी नसते, ताट आधीच वाढलेले असते.

निळी माशी दिसली म्हणजे ती विषारी, ही समजूत निराधार आहे, आणि तिला ‘चोर’ म्हणून मारणे त्याहून वाईट. यजमान माश्या भरपूर असल्याखेरीज कोकीळमाशी टिकूच शकत नाही, म्हणून ज्या सड्यावर ती दिसते त्या सड्याखालच्या मातीत अमेजिलाची बिळे शाबूत आहेत, असे समजावे.

तिला निवांत पाहायचे असेल तर संध्याकाळी जावे. घरटे नसल्यामुळे ती वाळक्या काडीला जबड्यांनी घट्ट चावून, पाय पोटाशी घेऊन झोपते; तेव्हा तिचे ते ब्रश नसलेले पाय हातभर अंतरावरून स्पष्ट दिसतात.